उडत्या मामूचे बूट

हैदराबादेत काचीगुड्याच्या स्टॉपवर एखादा भला माणूस बसमधून उतरावा आणि समोर उभ्या असलेल्या किडकिडीत, जाड चष्म्याच्या गृहस्थानं हात जोडून त्याला म्हणावं, "साहेब, मेहेरबानी करके एक बार फिरसे उतरो," तर खुशाल समजावं की ते आमचे मुरलीधर गजभारे.

बहुतेक लोक चिडत. काही जण आधी खिसा चाचपत. एक म्हातारी मात्र भली निघाली. तिला वाटलं, आपण चुकीच्या ठिकाणी उतरलो. ती बिचारी परत चढली आणि बस तिला घेऊन चालती झाली. गजभारे बसच्या मागं धावले. लोकांना वाटलं, म्हातारीसाठी धावतायत. ते धावत होते खिडकीतून तिचा चेहरा कसा दिसतो ते बघायला.

एकदा त्यांनी स्कूटरवरून उतरणाऱ्या हवालदारालाच पुन्हा उतरायला सांगितलं. त्यानं त्यांना चौकीत नेऊन बसवलं. मला फोन आला, मी धावत गेलो. गजभारे बाकड्यावर बसून हवालदाराकडं टक लावून बघत होते. मी माफी मागून त्यांना बाहेर काढलं, तर रस्त्यावर येताच म्हणाले, "कुलकर्णी साहेब, बघितलंत का? त्याचं पोट आधी बसतंय. मग तो बसतो."

हा माणूस वेडा नव्हता. त्याचा धंदाच तसा होता.

हे मला नीट सांगायला हवं, कारण गजभाऱ्यांचा एक किस्सा हैदराबादच्या मराठी मंडळींत कितीतरी वर्षं फिरतो आहे. लग्नाच्या पंगतीत, कोजागिरीला, सहलीच्या बसमध्ये. तुमच्यापैकी कोणी तो ऐकलाही असेल. तो मीच फिरवला. तो अर्धा आहे, आणि त्या अर्ध्यातलाही सगळा खरा नाही. आता वय झालं. पुरा सांगून टाकतो.

देशाची दारं उघडली म्हणतात ना, त्यानंतरची ती वर्षं. गल्लीगल्लीत केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या. घरात एकदम इतकी चॅनेलं आली की बघायचं काय ते माणसांना कळेना. मुलं दिवसभर परदेशी कार्टून बघत. ती कार्टून परदेशी खरी, पण त्यांतली निम्मीशिम्मी चित्रं हिमायतनगरात, एका शिवणयंत्रांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर काढली जातात, हे कुणाला सांगितलं तर पटलं नसतं. तिथं एक कंपनी निघाली होती. मी सरकारी शाळेतून इंग्रजी शिकवून निवृत्त झालो होतो. परदेशातून येणाऱ्या सूचना वाचून त्या चित्रकारांना त्यांच्या भाषेत समजावून सांगायच्या, आणि झालेलं काम तपासून पाठवायचं, असं काम मला मिळालं. तेलुगू बोलणाऱ्यांना तेलुगूत, जुन्या शहरातल्या पोरांना दक्खनीत, गजभाऱ्यांना मराठीत.

कामाची पद्धत अशी. एखादा माणूस खुर्चीतून उठतो. त्यातलं पहिलं चित्र, माणूस बसलेला, परदेशातून येई. शेवटचं चित्र, माणूस उभा, तेही परदेशातून येई. बसलेल्याचा उभा होईपर्यंतची मधली सगळी चित्रं आमच्या लोकांनी काढायची. काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट, त्यावर कागदावर कागद, आणि हातात पेन्सिल. गजभारे या मधल्या चित्रांचे कारागीर.

"पहिलं त्यांचं, शेवटचं त्यांचं," ते म्हणत. "मधलं आपलं."

हे वाक्य ते कशालाही लावत. बसच्या प्रवासाला, सरकारच्या कारभाराला, चहाच्या कपाला. माझ्या मुलीच्या लग्नात अंतरपाट पडला, सगळे वधूवरांकडं बघत होते. गजभारे माझ्याकडं बघत होते. पंगतीत माझ्या शेजारी बसून हळूच म्हणाले, "साहेब, अंतरपाट पडला तवा तुम्ही उजवी मूठ मिटली. आता तरी उघडा. भात कसा कालवणार?" मी बघितलं तर मूठ खरंच मिटलेली होती.

आधी ते सरकारी नकाशांच्या कार्यालयात नक्षे काढत. पक्की नोकरी. स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तशी ती सोडून ते इथं आले. त्यांच्या नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हालांनंतर घराण्यात पहिली टेबलखुर्चीची सरकारी नोकरी आली होती आणि ह्यानं ती कार्टूनसाठी सोडली! थोरल्या मेव्हण्यांनी तर बोलणंच टाकलं. गजभारे म्हणायचे, "नकाशात नद्या काढल्या, रस्ते काढले. एक बी हलंना."

ऑफिसात त्यांच्या टेबलावर आरसा असे. काम करताना ते त्यात बघून तोंडं वेडीवाकडी करत, दात विचकत, भुवया उडवत. शेजारच्या टेबलावर रंगकाम करणारा खलील सुरुवातीला घाबरला होता. "कुलकर्णी साब, गजभारे भाई पे कुछ सवार हुआ क्या?" मी म्हटलं, "नाही रे, राक्षसाचं काम चालू आहे त्यांचं." खलील म्हणाला, "फिर हिरोइन का काम आया तो मेरा टेबल बदल दो."

अशात कंपनीला मोठं काम मिळालं. पूर्ण लांबीचा सिनेमा. त्यातला नायक उडणारा. लाल चादर पाठीवर, लाल गुडघाभर बूट, छातीवर तारा. त्याचं इंग्रजी नाव इतकं लांब होतं की खलीलनं पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं, "उडता मामू". तेव्हापासून मालकांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्याला मामूच म्हणत.

सिनेमा मोठा चमत्कारिक होता. सुरुवात जुन्या काळची, फिकट रंगांत. मामू तरुण, पडणाऱ्या आगगाड्या एका हातानं झेलतोय, पोरं त्याच्या नावानं गाणी म्हणतायत. बघून माझ्यासारख्यालाही लहानपणी भाड्यानं आणलेल्या चित्रांच्या पुस्तकांचा वास आला. मग काळ बदलतो. मामू म्हातारा होतो, पोट सुटतं, लोक त्याला विसरतात. त्याची चादर लिफ्टच्या दारात अडकते आणि तो तसाच चार मजले फरफटत वर जातो. आम्ही हसून हसून लोळायचो. आणि मग एकदम अंधार. पूल कोसळतो. मामू उडत पोचतो, पण उशिरा पोचतो. त्याचा जन्माचा जोडीदार त्याच्या हातातून निसटतो. ते दृश्य रंगवताना खलील दिवसभर पान न खाता बसला होता.

त्यानंतरचं दृश्य गजभाऱ्यांच्या वाट्याला आलं. पहिलं चित्र: मामू आपल्या घराच्या दारात उभा. शेवटचं चित्र: मामू टेबलापाशी डोकं धरून बसलेला. सूचना एका ओळीची, मी ती वाचून दाखवली. "थकलेला आहे. घरात येतो. बसतो."

साधं काम. कुणीही दोन दिवसांत केलं असतं. गजभारे त्यावर आठवडा झाला तरी बसलेले. टेबलाभोवती पुठ्ठ्याची आडभिंत लावून घेतली होती. कुणाला बघू देईनात. शेवटी एका दुपारी मी आडभिंतीवरून डोकावलो आणि बघतच राहिलो.

"गजभारे, हा काय करतोय?"

"काय करूलालाय? बूट काढूलालाय."

"बूट?"

"घरात आला ना तो."

मी हतबुद्ध झालो. "अहो, तो परदेशातला आहे. ते लोक बूट घालून घरात जातात."

"हां," गजभारे म्हणाले, "म्हणूनच इतके दुःखी दिसूलालेत."

"आणि पुढच्या दृश्यात? हाक येते आणि तो तसाच बाहेर उडतो. तिथं पायात बूट आहेत!"

"घालून जाईल की."

"जग बुडायला लागलंय आणि हा बूट घालीत बसणार?"

"साहेब," चष्मा पुसत ते म्हणाले, "जग तर बुडतच असतंय. बूट घातल्याबिगर कोण भायेर पडतंय?"

एव्हाना अर्धं ऑफिस जमा झालं होतं. खलील म्हणाला, "भाई, मामू को नमाज के वास्ते वजू भी करा देते क्या?" हशा झाला. गजभारेही हसले. मग त्यांनी कागदांचा गठ्ठा उचलला, अंगठ्यानं कडा दाबली आणि भराभर पानं सोडली. तशी सोडली की चित्र हलतं.

मामू दारात उभा. एक हात चौकटीला लागतो. चादर चुरगळू नये म्हणून तो ती आधी बाजूला सारतो, मग हळूहळू उंबऱ्यावर बसतो. पाठ वाकते. एक बूट ओढतो, थांबतो, श्वास घेतो. दुसरा ओढतो. दोन्ही बूट हातात धरून काही क्षण त्यांच्याकडं बघतो. आणि मग ते शेजारी शेजारी, अगदी सावकाश, खाली ठेवतो. उठतो, अनवाणी आत जातो आणि बसतो. शेवटच्या चित्रात मामूचे पाय टेबलक्लॉथखाली झाकलेले होते, म्हणजे नियमातही सगळं बसत होतं. वेळही ठरवून दिली होती तेवढीच.

कुणी हसलं नाही. खलील म्हणाला, "एक बार फिर दिखाओ."

त्या रविवारी मी अंबरपेठेत गजभाऱ्यांच्या घरी गेलो. मी अधूनमधून जात असे. दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली मुलांची प्रमाणपत्रं. शांतावहिनींनी चहा दिला. मी विचारलं, "ते बूट तुम्हाला सुचले कुठून? खरं सांगा."

ते आधी टाळत होते. मग वहिनीच आतून म्हणाल्या, "सांगा की. मामंजींचे हायेत ते."

गजभाऱ्यांचं गाव आणि आमचं मूळ गाव एकाच तालुक्यातलं. त्यांचे वडील गावात होते तोवर वरच्या आळीतून जाताना त्यांना पायातल्या वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. आळी संपली की घालायच्या. पुढं ते काचीगुड्याला रेल्वेत खलाशी, म्हणजे मजूर, म्हणून लागले आणि पहिल्या पगारात त्यांनी बूट घेतले. काळे, नाडीचे.

"रोज संध्याकाळी यायचे," गजभारे म्हणाले, "आणि उंबऱ्यावर बसून बूट काढायचे. किती वेळ लावावा माणसानं! आई आतून वरडायची, जेवण निवूलालंय. ते म्हणायचे, दम धर की. आज कुणी काढायला लावलं नाही, मी काढूलालोय. मी समोर बसून बघायचो. एवढंएवढंसं होतो मी. बाकीच्यांचे बाप घरी येऊन काय काय करत असतील. माझा बाप बूट काढायचा."

माझी अडचण त्यांच्या लक्षात आली असावी. हसून म्हणाले, "घाबरू नका, साहेब. आळीचं नाव मी विचारलं नव्हतं. तुमचीच असंल तर माझ्या बापानं तुमच्या आज्याला बघितलं असंल. वळख निघाली आपली!" आणि मांडीवर थाप मारून खळखळून हसले. वहिनी म्हणाल्या, "काय हे बोलणं! पाहुण्याला चहा तरी पिऊ द्या."

आता राहिलेला अर्धा भाग.

किस्सा मी असा सांगत असे: गजभाऱ्यांनी मामूचे बूट काढले, चित्रं परदेशी गेली, आणि तिकडून फॅक्स आला, "हा मनुष्य देवळात शिरतो आहे काय?" इथं सगळे हसत. मग गजभाऱ्यांनी निमूटपणे मामूला बूट घातले. इथं पुन्हा हसत. गजभाऱ्यांचं बोलणं मी हुबेहूब काढत असे. वडिलांचा भाग मी कधीच सांगितला नाही.

असा फॅक्स आलाच नव्हता. चित्रं परदेशी गेलीच नव्हती.

सोमवारी मी ती तपासायला घेतली. मुदत जवळ आली होती, हे खरं. तिकडच्यांनी विचारलं असतं तर मला कारण लिहावं लागलं असतं, आणि इंग्रजीत ते कसं लिहायचं ते मला कळेना, हेही खरं. पण त्याहून खरं हे की ती चित्रं समोर धरली की ती आळी मला दिसायला लागली, आणि त्या आळीत ओट्यावर बसलेला माणूस आमच्या घरच्यासारखा दिसायला लागला. मी गठ्ठा कपाटात ठेवला. दुसऱ्या एकाकडून साधी चित्रं काढून घेतली: येतो, बसतो. आणि गजभाऱ्यांना सांगितलं, "तिकडून नको म्हणाले."

ते म्हणाले, "हौ?" एवढंच. आणि पुढचा कागद काचेवर लावला.

काही महिन्यांनी त्या सिनेमाचा एक मोठा माणूस हैदराबादला आला. सगळ्यांना एकत्र बसवून त्यानं काम दाखवलं, कौतुक केलं, आणि मी वाक्यावाक्याचं भाषांतर करत गेलो. मामू घरात येऊन बसतो ते दृश्य आलं तेव्हा तो म्हणाला की इथंच काहीतरी कमी पडतंय, काय ते मला सांगता येत नाही, कुणाला काही सुचतंय का? सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. गजभारे पहिल्या रांगेत होते. मी म्हणालो, "हेही त्यांना आवडलं म्हणतात."

सिनेमा आला आणि गेला. पुढं चित्रं काढायला संगणक आले, कंपनी बंद पडली, कागद रद्दीत गेले. गजभारे एका शाळेत चित्रकला शिकवू लागले. मी अंबरपेठेला जात राहिलो, आधी महिन्याला, मग सणावारी. आणि इकडं किस्सा सांगतही राहिलो.

गेल्या वर्षी मराठी मंडळींचं संमेलन होतं. एका तरुण मुलानं व्यासपीठावर तो किस्सा सांगितला. त्यानं मला पाहिलंही नव्हतं, गजभाऱ्यांनाही नाही. त्यात बरीच भर पडली होती. गजभारे आता गावंढळ झाले होते, धोतर नेसायला लागले होते, आणि मामूला बूट काढायला लावून वर त्याच्या पायावर पाणी घालत होते. सभागृह हसून फुटायला आलं होतं. माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "कसली कसली माणसं असतात ना!" मी उठलो, रिक्षा केली आणि अंबरपेठ सांगितलं.

गजभारे घरीच होते. केस सगळे पांढरे, चष्मा आणखी जाड. मी बसलो, आणि धापा टाकत सगळं बोलून टाकलं. फॅक्सचं, कपाटाचं, त्या मोठ्या माणसाच्या प्रश्नाचं, किश्शाचं.

ते शांतपणे ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "मालूम था, साहेब."

"काय माहीत होतं?"

"नापास झालेलं चित्र शेरा मारून परत यायचं, आन् फळ्यावर लागायचं. खलीलचं तर रोज लागायचं. माझं लागलंच नाही. शिवाय तुमच्या कपाटाला काच होती. गठ्ठा वरच्या फळीवर. माझ्या टेबलावरनं सरळ दिसायचा."

इतकी वर्षं. रोज, मान वर केली की. "मग बोलला का नाहीत? भांडायचं होतंत. मालकांकडं जायचं होतंत."

"गेलो असतो." त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसू लागले. "खलील यायचा तो गल्लीच्या तोंडापर्यंत. बाकीचे लग्नात यायचे, आहेर द्यायचे, उभ्याउभ्या जायचे. ऑफिसातनं माझ्या घरात बसून चहा पिलेले तुम्ही एकटे. मेव्हण्यानं बोलणं टाकलं त्या साली शांता म्हणायची, रविवार आला, आज कुलकर्णी साहेब येतील, साखर बघते. मी बोललो असतो तर तुम्ही लाजेनं यायचे बंद झाला असता." चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून ते म्हणाले, "तुमचं तोंड वाचता येत होतं मला. माझा धंदाच होता तो."

मी मान खाली घातली. काहीतरी पुटपुटत उठलो. तेवढ्यात आतून शांतावहिनींनी विचारलं, "अहो, चहा टाकू का? का निघालेत ते?"

गजभाऱ्यांनी माझ्याकडं नीट बघून घेतलं आणि माझ्या वतीनं उत्तर दिलं.

"टाक. बसूलालेत."